पूर येण्याआधी आपल्या माणसांचे दोन दिवस द्यावेत
कुपवाड औद्योगिक वसाहतीतील कारखानदार व कामगार बंधुभगिनींना आवाहन

सस्नेह नमस्कार.

कृष्णामाई यंदा कुठवर येणार हे आज कोणी सांगू शकत नाही. परंतु ती परतल्यावर सांगलीतील दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट आणि कर्नाळ रोडवरील घरांना कोणत्या हातांची गरज लागते, हे आपल्या मंडळाला आता पाठ झाले आहे. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या पुढे. दोन्ही वेळा माळावरचे आपले कुपवाड कोरडे राहिले, म्हणूनच ही जबाबदारी आपल्याकडे आली.

२०१९ चे पाणी ओसरताच पहिली पाळी सुटल्यावर हत्यारांची पेटी घेऊन थेट टिळक चौकात उतरलेले आपले वायरमन, फिटर आणि वाइंडर आजही डोळ्यांपुढे आहेत. गाळ भरलेली मोटर तशीच चालू केली तर वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळते. म्हणून ती खोलून, बेअरिंग धुऊन, वाइंडिंग पूर्ण वाळवून आणि मेगरवर (वीजगळती तपासण्याच्या उपकरणावर) तपासूनच वीज जोडायची, हा नियम त्यांनी एकाही घरी मोडला नाही. भट्टी रात्रभर चालू ठेवूनही वीजबिलाचा शब्द न काढणारे रिवाइंडिंगचे मालक, स्वतःच्या कॅन्टीनमधून गावभागात डबे पोहोचवणारे फौंड्रीचे भागीदार, विनातक्रार पाळी बदलून देणारे सुपरवायझर, तसेच पंचनाम्याचे अर्ज भरून देण्यासाठी ओल्या भिंतींच्या घरांत तासन्‌तास बसलेल्या असेंब्ली विभागातील भगिनी, या सर्वांचे मंडळ कायमचे ऋणी आहे. नावे छापू नयेत असे त्यांनीच बजावले आहे. वसाहतीत ती सर्वांना ठाऊक आहेत.

यापुढचे लिहिताना संकोच वाटतो. त्या पंधरवड्यातले खाडे अनेक कामगारांनी स्वतःच्या पगारातून सोसले आणि त्याची विचारपूस फारशी कोणी केली नाही. गेल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी आम्ही दारोदार पत्रे दिली, तेव्हा पोच बहुतेक ठिकाणी मिळाली, उत्तर मोजक्याच ठिकाणांहून आले. एका कार्यालयात तर चेक लगेच हाती ठेवून, माणसे मात्र मागू नका, असे सांगण्यात आले. चेकबद्दल कृतज्ञता आहेच. परंतु त्या चेकमधून आणलेला मेगर धरायला माणूस लागतोच.

कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ नुसार, ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कर्मचाऱ्यांच्या श्रमाचे मोल रुपयांत धरून ते या खर्चात दाखवता येत नाही, असा केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाचा खुलासा आहे. माणसे सोडण्यातला निरुत्साह कदाचित यातूनही येत असावा. आपल्याकडील लहान वर्कशॉपांना तर हे कलम लागूच होत नाही, आणि तरीही २०१९ मध्ये सर्वांत आधी माणसे पाठवली ती त्यांनीच, हे मंडळ अभिमानाने नमूद करते.

म्हणून यंदा मागणी एकच आहे. प्रत्येक कारखान्याने इच्छुक कामगारांना भरपगारी दोन दिवस द्यावेत: पहिला जूनपूर्वीच्या प्रशिक्षणासाठी आणि दुसरा पाणी ओसरल्यावर प्रत्यक्ष कामासाठी. स्वयंसेवेपायी कोणाचाही खाडा पडू नये.

कामगारांनी आपले नाव, काम व पाळी सुपरवायझरांमार्फत १५ मेपर्यंत मंडळाच्या कार्यालयात (सायंकाळी ६ ते ८, सुट्टीचा दिवस सोडून) कळवावी. मेगर, रबरी हातमोजे, लाइफ जॅकेट, दोर व टॉर्च वापरलेले पण चालू स्थितीतील असले तरी चालतील. रोख देणगी पावतीशिवाय देऊ नये, चेक मंडळाच्या नावाने काढावा. टेम्पो देणाऱ्यांनी चालकही द्यावा, गेल्या खेपेस फार पंचाईत झाली होती.

आपला नम्र,
सचिव