वजनकाट्यावर साबण शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून तुमच्या घरी पाठवता आलं असतं. मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितो आहोत, कारण तुम्ही आम्हाला जे दिलंत ते बाहेर सहज मिळत नाही. ‘एक वाटी खोबरेल, पाव वाटी कॉस्टिक सोडा, हळद घाला आणि ढवळा’ असल्या कृती जिकडेतिकडे फिरतात. त्या वाचून कुणी साबण करायला बसलं, तर हात भाजायची किंवा वडी अंगाला झोंबायची शक्यता मोठी. तुम्ही वाटी बाजूला ठेवायला लावलीत आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुढे केलात. आभार सगळ्यात आधी त्या काट्याचे.

प्रत्येक तेलाला साबण व्हायला लागणारं कॉस्टिक वेगळं, हे तुम्ही फळ्यावर लिहून दिलंत. एक ग्रॅम खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम, शेंगदाणा तेलाला ०.१३६, भिरंडेलाला (कोकमाच्या बियांचं तेल) ०.१३५, एरंडेलाला ०.१२८. या चार आकड्यांवर आमची कायमची कृती उभी आहे : खोबरेल ३५० ग्रॅम, शेंगदाणा तेल ४००, भिरंडेल २००, एरंडेल ५०. एकूण एक किलो. सगळ्याचा साबण व्हायला १५१.८५ ग्रॅम कॉस्टिक लागतं, पण तुम्ही पाच टक्के सूट द्यायला शिकवलंत, म्हणून काट्यावर १४४ ग्रॅम. पाणी त्याच्या दुप्पट, २८८ ग्रॅम. सूट दिल्यामुळे थोडं तेल साबण न होता तसंच उरतं. त्वचेला मऊ लागतं ते हे तेल, आणि आकड्यात लहानसहान चूक झाली तर सांभाळून घेतं तेही हेच.

पण किती चूक सांभाळून घेतं? हा हिशेब तुम्ही आमच्याकडून करून घेतलात, तो कुठेच वाचला नव्हता. लिटर म्हणजे किलो नव्हे. एक लिटर खोबरेल साधारण ९२० ग्रॅम भरतं. भिरंडेल वजनानं घेतलं आणि बाकीची तीन तेलं मिलिलिटरच्या भांड्यानं मोजली, तर पाच टक्क्यांची सगळी सूट संपते आणि वर जवळपास दोन ग्रॅम कॉस्टिक मोकळं राहतं. तसंच, खोबरेल महाग झालं म्हणून त्यातलं शंभर ग्रॅम काढून शेंगदाणा तेल घातलं आणि कॉस्टिक तेवढंच ठेवलं, तर ४.७ ग्रॅम जास्तीचं होतं. सूट आहे पावणेआठ-आठ ग्रॅमची. म्हणजे वडी झोंबत नाही, पण मऊपणा गेलेला असतो आणि का गेला ते कळत नाही. तेल बदललं की आकडेमोड पहिल्यापासून.

भिरंडेलाबद्दल तुमचे वेगळे आभार. कोकमाच्या बिया वाळवून, फोडून, पाण्यात उकळून वर येणारं हे तेल इथे कोकणात पायाच्या भेगांना लावायला घरोघरी असायचं. साबणात ते कडकपणा आणतं, कारण त्यात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून जास्त. बाहेरून आणलेल्या शिआ बटरच्या मागे न लागता आधी हे वापरून बघा, हा तुमचा आग्रह होता. पण घरगुती भिरंडेलाच्या गोळ्यात पाणी आणि बियांचा चुरा अडकलेला असतो. तो गोळा तसाच काट्यावर ठेवला तर पाण्याचं वजन तेलाच्या नावावर जातं आणि कॉस्टिक जास्त पडतं. म्हणून आधी मंद आचेवर वितळवायचं, तडतड थांबेपर्यंत ठेवायचं, फडक्यातून गाळायचं, मग वजन. ही एक पायरी गाळून किती जणी ‘भिरंडेलाचा साबण खरखरीत होतो’ म्हणतात!

कॉस्टिक हाताळायची शिस्त तर तुम्ही इतक्यांदा म्हणवून घेतलीत की ती आता पाठ आहे. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही. ओतलं तर ते उसळून तोंडावर येतं. पाणी साध्या तापमानाचं किंवा गार, कारण मिश्रण आपोआप ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापतं. चष्मा, लांब हातमोजे, पूर्ण बाह्या, खिडकी उघडी, मुलं आणि मांजर घराबाहेर. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमचं पातेलं तर नकोच : कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो, जो पेट घेतो. अंगावर थेंब उडाला तर लिंबू-व्हिनेगर चोळत बसायचं नाही, नळाखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचं. डोळ्यात गेलं तर तसंच धुवायचं आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं. व्हिनेगर फक्त ओटा पुसायला.

आणि डबा उघडा ठेवायचा नाही. कॉस्टिकच्या पापुद्र्यांना हवेतलं पाणी लगेच चिकटतं. ओलावलेलं १४४ ग्रॅम म्हणजे प्रत्यक्षात कमी कॉस्टिक, आणि वडी तेलकट, लिबलिबीत होते. संडास-मोरी तुंबल्यावर टाकायची पावडर वापरायची नाही, तिच्यात इतर काय काय मिसळलेलं असतं.

तेल आणि कॉस्टिकचं पाणी एकत्र करताना दोन्ही बेचाळीस ते पंचेचाळीस अंशांवर असावं, हा तुमचा आकडाही भिरंडेलामुळेच आलेला. ते साधारण चाळीस अंशांच्या आसपास गोठतं. मिश्रण त्याहून गार असेल तर हँड ब्लेंडर फिरवताच दाट होतं, आणि ट्रेस आला, म्हणजे तेल आणि कॉस्टिकचं पाणी एकजीव होऊन साबण धरू लागला, असं वाटतं. तो खोटा ट्रेस. साबण झालेलाच नसतो, फक्त भिरंडेल थिजलेलं असतं. साच्यात ओतल्यावर दोन-तीन तासांत वर तेल सुटतं आणि खाली कॉस्टिकचं पाणी बसतं. तुम्ही सांगितलेली परीक्षा सोपी आहे : भांडं जरा गरम पाण्यात धरा. मिश्रण पुन्हा पातळ झालं तर ट्रेस खोटा, दाटच राहिलं तर खरा. खऱ्या ट्रेसला चमच्यावरून पडलेली धार पृष्ठभागावर रेघ म्हणून टिकते. ब्लेंडर एका वेळी पाच-सात सेकंदच, मधे हाताने ढवळायचं.

आता त्वचेच्या पोषणाबद्दल. इथे तुम्ही आम्हाला सर्वांत मोठी गोष्ट दिलीत, ती म्हणजे खरं बोलायची मुभा. वडी एक मिनिट अंगावर असते आणि धुऊन जाते. कॉस्टिकच्या तडाख्यात बहुतेक जीवनसत्त्वं आणि पानाफुलांचे गुण टिकत नाहीत. मग हाताने केलेल्या वडीत उरतं काय? ग्लिसरीन. आमच्या १४४ ग्रॅम कॉस्टिकचं काम झालं की सुमारे ११० ग्रॅम ग्लिसरीन त्याच घाण्यात तयार होतं आणि वडीतच राहतं. मोठ्या कारखान्यांत ते बहुधा वेगळं काढून विकलं जातं. दुसरी गोष्ट, सूट दिलेलं तेल. तिसरी, खोबरेलाचं प्रमाण : ते वाढवलं की फेस भरपूर येतो पण कातडी ओढल्यासारखी होते, म्हणून आम्ही ३५ टक्क्यांच्या वर जात नाही. पोषण म्हणून सांगायचं ते एवढं, आणि ते पुरेसं आहे. ‘कॉस्टिकशिवाय साबण’ म्हणून जे विकतात, त्याच्या तयार बेसमध्येही कॉस्टिक आधीच वापरून संपलेलं असतं, हेही तुम्हीच सांगितलंत.

एक भ्रम तर तुम्ही दोन वाक्यांत दूर केलात. शेवटी महागडं बदाम तेल घातलं की सूट म्हणून तेच उरतं, असं आम्ही समजत होतो. थंड पद्धतीत ट्रेसच्या वेळी कॉस्टिक अजून शिल्लकच असतं, ते बदाम तेलही तितकंच खातं. ठरावीक तेल वाचवायचं असेल तर साबण आधी शिजवून घ्यायचा आणि तेल मग घालायचं.

घरच्या जिनसा तरीही घालतो, पण तुमच्या मापानं. हळद किलोला अर्धा छोटा चमचा. ओल्या साबणात ती लाल-तपकिरी होते. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, तेच हे. वडी मुरली की रंग पिवळ्याकडे वळतो आणि उन्हात ठेवली तर उडतो. कडुलिंबाच्या ताज्या पानांचा वाटलेला चोथा नको, त्याचे डाग पडतात. वाळलेल्या पानांची वस्त्रगाळ पूड किलोला दोन छोटे चमचे. मुलतानी माती एक मोठा चमचा, आधी पाण्यात कालवून, नाहीतर गुठळ्या राहतात. गुलाबाच्या पाकळ्या आणि तुळशीची पानं आत घातली की काळी पडतात. परदेशी कृतींतलं कॅलेंड्युलाचं फूल रंग टिकवतं, पण कॅलेंड्युला म्हणजे आपला झेंडू नव्हे.

कोरफड आणि नारळाचा रस यांच्यासाठी तुम्ही पाण्याची फोड करून दिलीत. १४४ ग्रॅम पाण्यात १४४ ग्रॅम कॉस्टिक, त्याहून कमी पाण्यात ते विरघळणार नाही. उरलेले १४४ ग्रॅम म्हणजे कोरफडीचा गर किंवा नारळाचा रस, आणि तो तेलात. कोरफडीचं पान कापून पिवळा चीक निथळू द्यायचा, मग गर काढायचा. रसात साखर असते, ती साबण तापवते. मध घातला तर आणखी : किलोला दोन छोट्या चमच्यांवर गेलं की साच्यात मधोमध फुगा येऊन चीर पडते, कधी सगळं बाहेर उतू येतं. असे साचे टॉवेलात गुंडाळायचे नाहीत, उलट फ्रिजमध्ये ठेवायचे. वडी कापल्यावर मधे गडद गोल दिसला तर घाबरायचं नाही, मधला भाग जास्त तापला एवढाच त्याचा अर्थ.

लिंबू. सगळ्यांनाच घालायचं असतं. एक ग्रॅम सायट्रिक आम्ल ०.६२ ग्रॅम कॉस्टिक खातं, म्हणजे लिंबाचा रस ओतला की सूट नकळत वाढते. साबणात लिंबाचा आंबटपणा उरत नाही, सोडियम सायट्रेट उरतं, आणि त्याचा उपयोग वेगळाच : बोअरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरा थर बसतो तो कमी होतो. अशा पाण्याच्या गावांसाठी आम्ही किलोला दहा ग्रॅम सायट्रिक आम्ल आणि ६.२ ग्रॅम वाढीव कॉस्टिक घेतो. ही युक्ती तुमचीच.

सुगंधाचं थोडक्यात : गवती चहाचं तेल किलोला वीस ग्रॅम, पातळ ट्रेसला. लवंगेचं तेल पाच ग्रॅमच्या आत, नाहीतर मिश्रण ब्लेंडरभोवतीच दगड होतं आणि कातडीलाही सोसत नाही.

कोकणात साबण करण्याची खरी परीक्षा मुरवण्यात आहे, हे इथे न राहणाऱ्यांना समजत नाही. साचा चोवीस ते अठ्ठेचाळीस तास, मग बारा वड्या. ओल्या असताना प्रत्येकी ११५ ते १२० ग्रॅम, सहा आठवड्यांनी शंभर-एकशेपाचच्या आसपास. पण आषाढ-श्रावणात ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, वडीला घाम फुटतो आणि वजन उतरायचं थांबतं. म्हणून मोठे घाणे दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतच. फळीवर कागद अंथरून, दोन वड्यांत बोटभर अंतर, आठवड्यातून एकदा पालटायच्या. लोखंडी जाळी नको. गंजाचा कण लागला, तेल जुनं असलं किंवा हवा दमट असली की वडीवर नारिंगी ठिपके येऊन खवट वास सुटतो. पांढरी भुकटी मात्र निरुपद्रवी, हवेशी संबंध येऊन झालेला सोडा. तो पुसून टाकायचा.

दर घाण्याची एक वडी वजन करून वहीत लिहायची आणि लागोपाठ दोन आठवडे आकडा हलला नाही की मगच बाहेर काढायची, ही तुमची सवय आता आमची आहे. सोबत पीएच पट्टी : साबण ९ ते १०.५ असणारच. ५.५ सांगणारी वडी खरा साबण नव्हे, आणि ११च्या वर गेलेली कुणाच्या हातात द्यायची नाही. विकायचं असेल तर साबण कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात मोडतो, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो आणि ‘इसब बरा होतो’ असं वेष्टनावर छापता येत नाही, हेही तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. ते ऐकून कुणी नाउमेद झालं नाही. काम नीट शिकायचं आहे एवढंच कळलं.

बाई, हे सगळं तुम्ही एक पैसा न घेता शिकवलंत, आणि प्रत्येक आकड्यामागचं ‘का’ विचारल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाहीत. त्याची परतफेड आमच्याकडे नाही. सोबत चार वड्या पाठवत आहोत. वरचीच कृती, गवती चहा घातलेली. वेष्टनावर घाणा क्रमांक, तारीख आणि शेवटची दोन वजनं लिहिली आहेत. चौथी वडी अजून पाच आठवड्यांचीच आहे, ती आठ दिवस तशीच ठेवावी. वजनात काही गडबड दिसली तर कळवा, वही उघडून बघू.

तुमच्या,
बचत गटातल्या सगळ्याजणी
वेंगुर्ले