एका सेंटीमीटरचे आभार

आज जरा उलटे आभार मानायचेत, ज्यांनी मला नाही म्हटलं त्यांचे.

आधी पीएसआयच्या फिजिकलला उंची मोजणारे साहेब. पुरुषांना 165 सेंटीमीटर लागते, अनवाणी, आणि मी भरलो 164. (घरच्या भिंतीवर कायम 165 भरायचो, भिंतीचीच चूक.) म्हटलं साहेब परत बघा ना, तर त्यांनी खरंच परत पट्टी लावली, परत तेच, आणि हळूच म्हणाले, "जा बाळा." सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत चार वर्षं काढलेली, असला राग आला म्हणून सांगू.

मग लोन नाकारणारे बँकेतले सर. मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान टाकणार होतो, त्या गल्लीत आता तसली अकरा आहेत. पण तुमचे अर्धेच आभार, तीन महिने हेलपाटे घालायला लावलेत.

रिकामाच होतो म्हणून मित्रासोबत गणेशखिंड रोडच्या मधमाशी संस्थेत ट्रेनिंगला गेलो आणि तिथेच अडकलो. आता डाळिंबाच्या नि कांदा बियाण्याच्या प्लॉटवर परागीभवनासाठी मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने देतो. पेट्या हलवायच्या रात्री, सगळ्या माश्या आत आल्या की दार बंद करून टेम्पोत, आणि मागनं ती एकसारखी घूं घूं ऐकत गाडी हाकायची, झोप म्हणून येत नाही.

आणि मेसवाल्या काकू, तुम्ही नाही म्हणाला नाहीत कधीच, दोन महिन्यांचं बिलसुद्धा मागितलं नाहीत. सातेरी माश्यांच्या मधाची बाटली बाजूला ठेवलीय. मेस बंद दिसतेय, पत्ता कुणाला माहितीय का?