पेन्सिलने खोडलेल्या तक्त्याबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

निघायच्या गडबडीत बसच्या खिडकीतून ओरडून ‘थँक्यू’ म्हणणे ही काही आभार मानण्याची रीत नव्हे, म्हणून हे पत्र. ते उघड लिहिते आहे, कारण पुढच्या उन्हाळ्यात आपल्या धावण्याच्या शिबिराला जाणाऱ्या मुलामुलींनीही ते वाचावे अशी इच्छा आहे.

थंड हवेत वाढलेली आणि तिथेच सराव केलेली मी शिबिराच्या शहरात उतरले तेव्हा दुपारचे तापमान ४२ अंश होते. पहिल्याच सकाळी आपण माझा सरावाचा तक्ता घेतलात आणि त्यातली निम्मी अंतरे पेन्सिलने खोडलीत, तेव्हा खरे सांगायचे तर मला रागच आला. हळूच पळायचे होते तर एवढ्या लांब आले कशाला, असे वाटले. शरीराला उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, त्या काळात रक्तातील द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते आणि त्याच वेगाला नाडीचे ठोके कमी पडतात, हे आपण शांतपणे समजावून सांगितलेत. मी मान डोलावली आणि चौथ्या दिवशी नेमके उलटे केले.

गटातल्या जुन्या मुलींच्या बरोबरीने राहायच्या हट्टापायी मी ४०० मीटरच्या फेऱ्या ठरल्यापेक्षा जोरात घेतल्या. सहाव्या फेरीनंतर डोके ठणकू लागले, भर उन्हात अंगावर काटा आला, तरी मी कोणाला काही बोलले नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून माझी पावले वाकडी पडताना आपल्याला दिसली. त्यानंतरचे तुकड्या-तुकड्यांनी आठवते: सावलीतली सतरंजी, मानेवर, काखेत आणि जांघांवर ठेवलेले बर्फाच्या पाण्यातले टॉवेल, ते गरम व्हायच्या आत बदलणारे आपले हात, आणि ‘आज वार कोणता?’ हा पुन्हा पुन्हा विचारलेला प्रश्न. मला तेव्हा तो प्रश्न वेडगळ वाटला. बोलण्यात गोंधळ दिसला असता तर तो नुसता थकवा नसून उष्माघात असण्याची शक्यता होती, आणि त्यासाठी झाडाखाली बर्फाच्या पाण्याचा टब रोज भरून ठेवलेला असायचा, हे दुसऱ्या दिवशी कळले. आधी अंग थंड करायचे, मग रुग्णालयाकडे निघायचे, हा क्रम आपण त्याच दिवशी आम्हा सगळ्यांकडून वदवून घेतलात. मला मात्र सर्वांसमोर एक शब्दही बोलला नाहीत, त्याचे आभार वेगळे.

आणि ती निळ्या पुठ्ठ्याची वही! सरावाआधीचे वजन, नंतरचे वजन, प्यायलेले पाणी, लघवीचा रंग. शेवटचा रकाना भरताना आम्ही सगळ्या लाजेने अर्धमेल्या होत असू. चौथ्या दिवसाच्या ओळीत ६२.४ आणि ६०.९ असे आकडे आहेत. तासाभरात दीड किलो, म्हणजे वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट, आणि ती चरबी नव्हे तर पाणी, हे त्या दोन आकड्यांनी जितके पटले तितके कोणत्याही व्याख्यानाने पटले नसते. पाणी कमी पिणाऱ्यांना रागावणारे पुष्कळ भेटतात. तहान नसताना नुसते पाणी ढोसणाऱ्याला ‘रक्तातले सोडियम उतरेल’ म्हणून अडवणाऱ्या आपण मला पहिल्याच भेटलात.

एका सकाळी तापमान जेमतेम ३३ असताना आपण सराव रद्द केलात, तेव्हा आम्ही कुरकुर केली होती. आदल्या रात्री पाऊस होऊन गेला होता, हवा दमट होती आणि घाम वाळतच नव्हता. ओल्या फडक्याच्या तापमापकाला ७० टक्के, उन्हाची धग मोजणाऱ्या काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला २० टक्के आणि हवेच्या साध्या तापमानाला अवघे १० टक्के महत्त्व देऊन धोका कसा मोजतात, हे आपण त्या मोकळ्या तासात फळ्यावर मांडून दाखवलेत. सराव बुडाल्याचे दुःख मला त्या दिवशी झाले नाही.

बाराव्या दिवशी त्याच सहा फेऱ्या मी त्याच वेगाने पुऱ्या केल्या आणि वार कोणता ते न विचारताच सांगितले, तेव्हा आपण हसलात.

उष्णतेची ही सवय थंड हवेत परतल्यावर काही आठवड्यांत ओसरते, असे आपण म्हणाला होता. तेव्हा पुढच्या वेळी येताना तक्त्यातली निम्मी अंतरे मी स्वतःच खोडून आणीन. वहीतला शेवटचा रकाना मात्र कृपया भिंतीवर लावू नये, ही विनंती.

आपली नम्र,
शिबिरातील एक धावपटू