बोळ बंद केलात, आयुक्त साहेब. वाट कुठे आहे?

मा. आयुक्त साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या गुरुवारी रात्री आमच्या बोळाच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले गेले. सकाळी कामावर निघालेली माणसं त्या पत्र्यांपाशी येऊन थांबली. वर विकसकाचं नाव ठळक, खाली बारीक अक्षरांत ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’. आदेशाचा क्रमांक नाही, तारीख नाही, कोणाची सही नाही. चार महिन्यांपूर्वी पुनर्विकासाच्या बैठकीत तुमच्याच अधिकाऱ्यांनी माईकवर सांगितलं होतं, आधी पर्यायी रस्ता, मगच बोळ बंद. मी पहिल्या रांगेत होते. तो रस्ता आजही फक्त नकाशातल्या दोन तुटक रेघांवर आहे.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही. आमच्या घराची मागची भिंत दर पावसाळ्यात फुगते, तिला टेकू लावून आम्ही दिवस काढतोय. पण पडकी इमारत उतरवून नवी बांधणं वेगळं आणि दोन इमारतींमधली सगळ्यांची वाट एका भूखंडात मिसळून टाकणं वेगळं.

शनिवारी रात्री आईला धाप लागली. वय 81. घरापासून बोळातून मुख्य रस्त्यापर्यंत माझी 110 पावलं होतात. आता मागून वळसा घालून 900 च्या वर जातात. रात्री मोजली, दहावीस इकडेतिकडे असतील. रुग्णवाहिका बोळात कधीच येत नव्हती, पण तोंडाशी येऊन थांबायची. या वेळी चौघांनी आईला खुर्चीत बसवून उचललं. मागच्या बाजूला खोदकाम, दिवा नाही, खडी पसरलेली. दोनदा खुर्ची खाली ठेवावी लागली. दुसऱ्यांदा तिने माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, “आपण कुठून चाललोय गं?” लग्न होऊन आल्यापासून ती त्या बोळातून ये-जा करत आली. स्वतःच्या घरापासून शंभर पावलांवर तिला आपण कुठे आहोत ते कळेना. ती आता घरी आहे. पण त्या रात्रीपासून मला झोप नाही. जरा धाप वाढली की मी उठून बसते आणि चार माणसं कुठून जमवायची याचा हिशेब करते.

सोमवारी मी हे सगळं अर्जात लिहून तुमच्या कार्यालयात दिलं. आवक शिक्का मारता मारता कर्मचाऱ्याने विचारलं, “तुमची जागा जातेय का यात?” मी नाही म्हटलं. “मग तुम्ही बाधित नाही.” साहेब, माझा सगळा संताप या एका वाक्यावर आहे. ज्याच्या नावावर चौरस फूट आहेत तो बाधित. जी त्या वाटेने रोज चालते ती कोणीच नाही? शाळेची मुलं, घरकामाला येणाऱ्या बाया, काठी टेकत जाणारे म्हातारे यांची यादी तुमच्या कुठल्या फायलीत आहे?

1949 च्या महानगरपालिका अधिनियमाने सार्वजनिक रस्ते पालिकेकडे दिले ते लोकांसाठी सांभाळायला. आमचा बोळ मंजूर विकास आराखड्यात रस्ता म्हणून दाखवलेला आहे. त्या आराखड्यात फेरबदल करायचा तर 1966 च्या नगररचना अधिनियमाच्या कलम 37 प्रमाणे राजपत्रात सूचना लागते, हरकतींसाठी एक महिना द्यावा लागतो. आमच्यापैकी एकानेही अशी सूचना पाहिलेली नाही. विकसकाच्या नकाशात मात्र बोळाचं क्षेत्रफळ भूखंडात धरलेलं आहे. म्हणजे आमच्या पायाखालच्या जमिनीवर त्याचं चटईक्षेत्र, बांधायला मिळणारी जागा, वाढणार!

लखनौच्या अमीनाबादेतली बाग तिथल्या पालिकेने भुयारी बाजारासाठी एका बिल्डरला दिली होती. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बांधकाम काढून बाग पूर्ववत करायला लावली. सार्वजनिक जागा पालिकेकडे विश्वस्त म्हणून असते, हे त्या निकालात आहे. तेव्हा बांधकाम झालेलं होतं. इथे अजून नुसते पत्रे आहेत.

आणि दाद मागायची कुणाकडे? 2022 पासून राज्यातल्या मोठमोठ्या महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या, आमचीही राहिली. या पुनर्विकासाची फाईल त्याच काळात टेबलांवरून फिरली. राज्यघटना सांगते की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. ती झाली नाही, आमच्या वतीने सभागृहात उभं राहून ‘या बोळाचं काय?’ असं विचारणारं कोणी नव्हतं. मोजणी झाली, नकाशे झाले, मंजुऱ्या झाल्या आणि आम्हाला कळलं ते थेट पत्र्यावर. रस्ता रुंद करायचा तर तुमच्याकडे निधी नसतो, जागा नसते. बुजवायचा असला की एका रात्रीत माणसं, गाडी, पत्रे सगळं येतं. गावोगाव हेच चाललंय आणि प्रत्येक ठिकाणी चालणाऱ्याला ऐकवलं जातं की तू बाधित नाहीस.

बोळ बंद करण्याचा आदेश कोणत्या तारखेचा, कोणाच्या सहीचा, ते लेखी द्या. तो नसेल तर पत्रे आजच काढा. असेल तर सुनावणी लावा आणि तिथे बोळातून चालणाऱ्यांनाही बोलू द्या. पर्यायी रस्त्यावर आधी दिवे लागू देत, रुग्णवाहिका येऊन उभी राहू दे, मग बोळाचं बोलू.

येत्या मंगळवारी आईला पुन्हा तपासणीला न्यायचं आहे. तोवर यातलं काहीच होणार नसेल, तर त्या पत्र्यात निदान खुर्ची जाईल एवढं दार करून द्या.

आपली,
त्याच बोळातली एक रहिवासी