उत्तर अल्बानिया: सूडकथांआधी नकाशा पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत उत्तर अल्बानियाच्या पर्वतराजीवरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत. मात्र मजकुराचा मोठा भाग रक्तवैर, बंदुका आणि ‘जगापासून तुटलेली माणसे’ यांनीच व्यापला आहे. या मुलखाविषयी असे लिहिण्याची रीतच पडून गेली आहे, आणि त्यात तिथल्या लोकांवर अन्याय होतो. थेथ, शाला, वल्बोना, निकाय-मेर्तुर ही खोरी दुर्गम आहेत, हे खरे. पण ती मुळातच तुटलेली नव्हती. ती तोडली गेली. केव्हा आणि कशी, तेही नेमके सांगता येते.

आधी एक छोटी दुरुस्ती. माया येझेर्त्सा (२,६९४ मीटर) हे देशातले सर्वोच्च शिखर नव्हे. तो मान कोराबचा (२,७६४ मीटर), आणि कोराब तिथून बराच दूर, उत्तर मॅसेडोनियाच्या सीमेवर आहे. येझेर्त्सा ही दिनारिक पर्वतरांगेतली सर्वांत उंच जागा. तिच्या आसपासच्या सावलीच्या खळग्यांत आजही छोट्या हिमनद्यांचे तुकडे टिकून आहेत, ही गोष्ट लेखात यायला हवी होती.

या डोंगरांचे सगळे गणित चुनखडकात आहे. एड्रियाटिक समुद्राकडून येणारे ढग इथे अडतात आणि काही भागांत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो. तरीही वरच्या उतारांवर पाणी मिळत नाही, कारण ते भेगांतून थेट खाली जाते आणि खोऱ्याच्या तळाशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून वस्ती तळाशी, झऱ्यापाशी. हिमनद्यांनी कोरलेल्या या खोऱ्यांत सपाट जमीन अगदी थोडी, त्यात मका आणि घेवडा. गुरे-मेंढ्या उन्हाळ्यात वरच्या कुरणांत जातात, बर्फ पडण्याआधी खाली येतात. असा संसार स्वतःच्या धान्यावर वर्षभर चालणे कठीण. लोकर, चीज, कातडी, जनावरे विकायची आणि मीठ, धान्य, लोखंड आणायचे, असा तो व्यवहार होता. म्हणजे या डोंगराचा जीव बाजारपेठेच्या गावात होता: शालाच्या लोकांसाठी श्कोदर, वल्बोनाच्या बाजूला ग्याकोवा, उत्तरेकडच्या केल्मेंद कुळासाठी प्लाव आणि गुसिन्ये.

आता १९१३ची सीमा पाहा. लंडनमधल्या राजदूतांच्या परिषदेने स्वतंत्र अल्बानियाची हद्द आखली, तेव्हा ग्याकोवा, पेया, प्लाव, गुसिन्ये ही सगळी गावे पलीकडे, म्हणजे आजच्या कोसोवो आणि माँटेनेग्रोत गेली. कुरण एका देशात, बाजार दुसऱ्या देशात. प्लाव-गुसिन्येचा वाद तर १८७८च्या बर्लिन काँग्रेसपासूनचा, म्हणजे महासत्तांच्या परिषदेपासूनचा होता. ती गावे माँटेनेग्रोला द्यायचे ठरल्यावर स्थानिकांनी १८७९मध्ये शस्त्रे उचलली, आणि शेवटी महासत्तांनी १८८०मध्ये त्यांच्याऐवजी उल्चिन बंदर माँटेनेग्रोला देऊ केले. हॉत आणि ग्रुदा ही कुळे १९११मध्ये देद ग्यो लुलीच्या नेतृत्वाखाली देचिच येथे ऑटोमन फौजेशी लढली. दोनच वर्षांनी नव्या सीमेने त्यांनाच माँटेनेग्रोत ढकलले. पुढे ही पलीकडची गावे युगोस्लाव्हियात होती; १९४८मध्ये त्याचे आणि अल्बानियाचे बिनसले आणि उरलीसुरली ये-जाही बंद झाली. जी खिंड ओलांडून पिढ्यान्‌पिढ्या बाजाराला गेले, ती ओलांडणे हा गुन्हा ठरला. तुटलेपण म्हणतात ते हे.

लेखात ‘लेक दुकाग्यिनचा कानून’ म्हणजे सूडाचे नियमपुस्तक, असे म्हटले आहे. लेक दुकाग्यिन हा १५व्या शतकातला सरदार, ऑटोमनांशी लढलेल्या स्कंदरबेग या अल्बानियन वीराचा समकालीन. त्याच्या नावाने चालत आलेली ही रूढी शतकानुशतके तोंडीच होती. फ्रान्सिस्कन पाद्री श्त्येफेन ग्येचोवी यांनी ती गावोगाव फिरून टिपली. १९२९मध्ये त्यांचा खून झाला. संहिता पुस्तकरूपाने १९३३मध्ये श्कोदरला छापली गेली. तिचे १२ भाग आणि १,२६२ कलमे. चर्च, कुटुंब, विवाह, घर-जनावरे-मालमत्ता, काम, देवघेव, दिलेला शब्द, मान, नुकसानभरपाई असा तिचा विस्तार आहे. खून हा त्यातला एक विषय.

हद्द ठरवण्याची पद्धत बघावी. मुख्य दगड रोवायचा आणि त्याभोवती जमिनीत सहा किंवा बारा लहान दगड पुरायचे. त्यांना साक्षीदार मानतात. वरचा दगड कोणी हलवला, तरी खालचे साक्षीदार जागा सांगतात. हद्दीवरून तंटा झाला, तर गावातला वयोवृद्ध माणूस खांद्यावर दगड आणि मातीचे ढेकूळ घेऊन, शपथेवर, ती रेषा चालून दाखवतो. खोटे चाललो तर हे ओझे परलोकात वाहीन, असा त्या शपथेचा अर्थ. ज्या मुलखात जमीन ओंजळभर, तिथे कायद्याची खरी ताकद या कामी लागली होती.

रक्तवैराच्या बाबतीतही संहितेचा बराच भर त्याला आवर घालण्यावर आहे. मारणाऱ्याने मृताचे शस्त्र घ्यायचे नाही. त्याला उताणे करून शस्त्र त्याच्या डोक्याशी ठेवायचे. मृताच्या घराने २४ तासांची ‘बेसा’, म्हणजे अभयवचन दिले, तर मारणाऱ्याला अंत्यविधीला आणि त्यानंतरच्या जेवणाला हजर राहावे लागते. त्यानंतर गाव मध्ये पडून ३० दिवसांची बेसा मागते. स्त्रिया आणि पाद्री यांच्यावर हात उचलायचा नाही. जुन्या रूढीत बदला फक्त मारणाऱ्यापुरता होता; घरातल्या इतर पुरुषांपर्यंत तो नंतर पसरला. थेथमधला दगडी मनोरा लेखात ‘सूडाचे स्मारक’ म्हणून आला आहे. जाड भिंती, वरच्या बाजूला हात जाईल एवढ्याच खिडक्या, आणि आत जीव वाचवून बसलेला माणूस. बाहेर वडीलधारे समेट घडवत असत. माणूस जिवंत ठेवण्याची ती जागा होती.

१९९१नंतर वैरे पुन्हा का पेटली, यालाही कारण आहे. साम्यवादी राजवटीने रूढी दडपली होती, १९६७पर्यंत डोंगरातली जमीनही सहकारी शेतीत ओढली होती. जुलै १९९१च्या ७५०१ क्रमांकाच्या कायद्याने ती जमीन माणशी वाटायला काढली. मैदानात हे कसेबसे जमले. उत्तरेच्या गावांनी मात्र अनेक ठिकाणी आजोबांच्या जुन्या हद्दी धरल्या. एकाच तुकड्याला दोन दावेदार, एक कायद्याने आणि दुसरा दगडाने. त्यात पाटाच्या पाण्याचे भांडण. १९९७मध्ये पिरॅमिड योजना, म्हणजे झटपट पैशांच्या फसव्या गुंतवणूक योजना कोसळल्या, शस्त्रागारे लुटली गेली आणि घरोघरी बंदुका पोहोचल्या. आज दंडसंहितेत रक्तवैरातून केलेल्या खुनासाठी किमान ३० वर्षे किंवा जन्मठेप अशी स्वतंत्र तरतूद आहे. अनेक कुटुंबे मात्र त्याआधीच श्कोदरला किंवा राजधानी तिरानाशेजारच्या कामेझ-बाथोरेकडे उतरली होती. रस्ता कधीच न पोहोचलेले वरचे चुराय गाव त्यातच ओस पडले.

आता लेखातली ‘कसे जाल’ ही चौकट. ती वाचून कोणी मे महिन्यात निघाला, तर फसेल. थेथहून वल्बोनाला पायी जायचे, तर थेथ साधारण ७५० मीटरवर, वल्बोनाची खिंड १,८०० मीटरच्या जवळपास, म्हणजे हजार मीटरची चढण. पलीकडे रागाम वस्तीपर्यंत उतरायला धरून सहा ते आठ तास. किलोमीटर कमी दिसतात म्हणून लोक उशिरा निघतात आणि दुपारच्या वादळात खिंडीवर सापडतात. सावलीच्या घळींत जूनपर्यंत घट्ट बर्फ असते आणि त्यावरून घसरले की खाली सुटी खडी. चुनखडकामुळे वर पाण्याचा भरवसा नाही, दोन-तीन लिटर सोबत हवे. रस्त्याने थेथला येणाऱ्यांनी बोगा आणि थोराच्या खिंडीचा मार्ग धरावा. आता तो डांबरी असला, तरी हिवाळ्यात बर्फाने बंद पडतो. शाला नदीच्या काठाने दक्षिणेकडून येणारी वाट साध्या गाडीची नाही.

कोमान ते फिएर्झा हा बोटीचा प्रवास सुमारे अडीच-तीन तासांचा. लेखात त्याला ‘नैसर्गिक फिओर्ड’, म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी, म्हटले आहे. ते द्रिन नदीवरच्या कोमान धरणाचे पाणी आहे. कोमान, फिएर्झा आणि वाऊ इ देयेस ही साखळी देशाच्या विजेचा कणा आहे, आणि तिची किंमत याच भागाने मोजली: फिएर्झाच्या जलाशयाखाली १९७६मध्ये जुने कुकेस शहर गेले. मोटारी नेणारी बोट फक्त हंगामात चालते. कोमानला सकाळी लवकर पोहोचावे, वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी आणि रोख लेक (अल्बानियाचे चलन) जवळ ठेवावेत.

दुरुस्ती छापणार असाल, तर सोबत नकाशा जरूर द्यावा. त्यात ग्याकोवा, पेया, प्लाव आणि गुसिन्ये ही गावे ठळक अक्षरांत, आणि त्यांच्या व खोऱ्यांच्या मधून गेलेली १९१३ची रेषा दाखवावी.

आपला,
बाल्कन प्रदेशाच्या भूगोलाचा एक अभ्यासक