बरडीवरून, तुझ्या सायकलीनं

प्रिय बाळ्या,

"सायकल गोठ्यात गंजत पडली असेल," असं तू मागच्या फोनवर म्हणालास, ते मनाला लागलं. म्हणून आज फोन न करता पत्र लिहायला बसलो. मागच्या रविवारी तुझ्या सायकलीनं मी आपली बरडीची टेकडी चढलो. एकटाच. मागच्या बाजूनं, गुरांच्या वाटेनं, पार माथ्यापर्यंत. आणि त्याच वाटेनं उतरलो.

निघायला आठ वाजले. उमरेड-कऱ्हांडल्याचं वाघांचं जंगल आपल्यापासून लांब नाही, त्यामुळे ऊन अंगावर आल्याशिवाय आईनं दाराबाहेर पडू दिलं नाही, आणि झाडीत बेल वाजवत जाशील असं कबूल करून घेतलं. पांदणीला अजून गारवा होता. पराटीत कापसाचा शेवटचा वेचा चालू आहे, तूर कापून धुऱ्यावर पेंढ्या लावल्यात, हरभरा घाट्यावर आलाय. वेचणाऱ्या बायांतल्या एका म्हातारीनं हाक मारली, "कुठं चालला गा भाऊ?" बरडीवर म्हटलं तर ओटीतला कापूस सावरत उभीच राहिली. "तिथं बकऱ्या जातेत, सायकल कशी जाईन?"

नाल्यापाशी थांबून दोन्ही टायरांची हवा थोडी सोडली, अंगठ्यानं दाबलं तर जरासं दबेल इतकी. टणक टायर गोट्यावरून उसळतं, नरम टायर गोट्याला धरून राहतं, हे तूच सांगितलं होतंस. गिअरची पुढची सगळ्यात लहान चकरी, मागची सगळ्यात मोठी, आणि चढायला लागलो. उभं राहून पायडल मारलं की मागचं चाक जागीच फिरून मुरूम उडवायचं. मागं रेलून बसलं की पुढचं चाक उचललं जायचं. सीटच्या टोकावर बसून, कोपर वाकवून, छाती हँडलकडे नेली तेव्हा दोन्ही चाकं जमिनीला चिकटली. मग फक्त पाय सारखे फिरवत राहायचे, झटका द्यायचा नाही.

पण खरी गोष्ट मला चौथ्या वळणावर कळली. आपण इतकी वर्षं त्या बरडीवर गुरं चारली आणि ती वाट कशी आहे हे कधी पाहिलंच नव्हतं. गुरं सरळ चढत नाहीत रे. ती आडवी आडवी जातात, उताराला तिरपी, आणि जिथं खडक येतो तिथं वळतात. आपल्या आजोबांच्या काळापासूनच्या खुरांनी तो चढ इतका मोजून काढलाय की कुठल्या इंजिनियरनं काढला नसता. जिथं मला घाई झाली आणि मी सरळ घातली, तिथं तिथं पाय टेकावा लागला. असं तीनदा झालं. जिथं वाटेचं ऐकलं, तिथं सायकल गेली. शेवटचा टप्पा, तो सालईच्या झाडापासून वरचा, मी एकदाही न थांबता काढला. वर पोचलो तेव्हा कानात फक्त माझं काळीज वाजत होतं. खाली नाल्यापासून वरपर्यंत पाऊण तास लागला.

वर वारा होता. तिकडे गिरडची टेकडी निळसर दिसत होती. तुला आठवतं, लहानपणी दर्ग्याच्या उरुसाला गेलो की म्हातारे तिथले गोल गोटे हातात देऊन सांगायचे? एका व्यापाऱ्यानं बाबा फरीदांची टिंगल केली आणि त्याच्या बैलांवरच्या मालाचा, नारळा-सुपाऱ्यांचा, दगड झाला. ही गोष्ट इंग्रजांच्या काळच्या गॅझेटियरातही छापलेली आहे. आपल्या बरडीवरही तसेच गोटे सापडतात. मी एक उचलून दुसऱ्या दगडावर आपटला. फुटला तर आत पांढऱ्याशुभ्र सुया, मधोमध एका ठिकाणाहून बाहेर पसरलेल्या, बोंड उकलताना दिसतं तशा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, मग झिरपत्या पाण्यातली खनिजं त्या पोकळ्यांत साचली, त्यांना झिओलाइट म्हणतात. वरचा काळा दगड झिजून मातीला मिळतो आणि हे गोटे मोकळे होतात. मी तो अर्धा गोटा हातात धरून बराच वेळ बसलो. आपल्या पराटीखालची काळी माती याच खडकाची आहे, हे पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी तळहातावर होतं.

आता उतरण्याचं सांगतो, कारण त्याबद्दल तू विचारशीलच. सीट खाली घेतली, पायडल सपाट ठेवले, कंबर मागं नेली, दोन दोन बोटं ब्रेकवर. पहिली दोन वळणं अशी गेली की मी ओरडलो, एकट्यानंच, आनंदानं. तिसऱ्या वळणावर सागाची पानं पडून वाट झाकली होती. पानांखाली गोटे आहेत हे माहीत असून मी वळणाच्या आधी ब्रेक मारायचा तो वळणात मारला. पुढचं चाक गोट्यांवरून सरकलं आणि मी डाव्या कोपरावर आलो. सायकलीला काही झालं नाही, आधी तेच पाहिलं. कोपर चांगलंच सोललं. उठून कंबरमोडीचा पाला शोधला, चोळून रस पिळला, तशीच झोंबली जशी तू माझ्या गुडघ्यावर पिळायचास तेव्हा झोंबायची. पाच मिनिटं बसलो, मग ते वळण चालत वर जाऊन पुन्हा उतरलो. तसं सोडून आलो असतो तर पुढच्या वेळी तिथं हात थरथरले असते.

एक वाईटही सांगायचं आहे. पूर्वेकडचा उतार मुरमासाठी खोदून नेलाय. अर्धी टेकडी कापल्यासारखी दिसते, आणि गुरांची एक वाट कड्याशी येऊन एकदम संपते. कोण नेतं हे गावात कोणी मोठ्यानं बोलत नाही. मी ग्रामसभेत विषय काढणार आहे, फोटो काढून ठेवलेत. ज्या वाटा काढायला पिढ्या गेल्या त्या एका पावसाळ्याच्या आत मशीननं खाल्लेल्या पाहवत नाहीत रे.

परत येताना त्याच म्हातारीनं अडवलं. माझं रक्त पाहिलं, सायकल पाहिली, आणि हरभऱ्याचा एवढा मोठा डहाळा उपटून हँडलवर ठेवला. "गेली का वर?" एवढंच विचारलं. गेली, म्हटलं.

होळीला येतोयस ना? बाभळीचा काटा लागून मागच्या ट्यूबला दोन ठिगळं झालीत, तिसरं धरणार नाही. आपल्याकडे साडेसत्तावीस इंची ट्यूब मिळत नाही, तर येताना दोन घेऊन ये, मोटारसायकलसारख्या वॉल्वच्या. अर्धा गोटा तुझ्यासाठी भिंतीतल्या देवळीत ठेवलाय.

तुझाच,
नाना