तेआहुपोओची लाट आणि तिच्याखालचे प्रवाळ

संपादक महोदय,

सर्फिंगवरील आपल्या लेखात प्रशांत महासागरातील, फ्रान्सच्या अखत्यारीतल्या ताहिती बेटाच्या तेआहुपोओ येथील लाटेला 'खुनशी' म्हटले आहे. खेळाडूंचे धाडस लेखात छान उतरले आहे. पण लाट अशी का उठते, याबद्दल एक ओळही नाही. माझी नोकरी बंदरांच्या बांधकामात गेली आणि ही लाट मी होडीतून जवळून पाहिली आहे, म्हणून हे पत्र.

होडी हावाए खिंडीत, म्हणजे प्रवाळभित्तीतल्या मोकळ्या वाटेत, उभी होती. हाकेच्या अंतरावर पाण्याची भिंत कोसळत होती आणि आमची होडी जेमतेम डुलत होती, कारण खिंड खोल आहे. डोंगरातून उतरणारे गोडे पाणी प्रवाळाला मानवत नाही, म्हणून तिथे प्रवाळभित्तीत वाट राहिली. त्या वाटेच्या काठाला मात्र प्रवाळ थेट पृष्ठभागाजवळ आलेले. दक्षिण महासागरातील वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर येतात, आणि त्यांचा जोर जिरवणारा उथळ, पसरट तळ वाटेत कुठेच नाही. खोल पाण्यातून त्या एकदम या कठड्यावर चढतात, पुढचे पाणी स्वतःकडे ओढून घेतात आणि लाटेचा पायथा आसपासच्या समुद्रपातळीच्याही खाली जातो. म्हणून तिच्या उंचीचे आकडे देऊन काही कळत नाही, जाडी पाहावी लागते. १७ ऑगस्ट २००० रोजी अमेरिकी सर्फर लेअर्ड हॅमिल्टन जेट स्कीच्या दोरीने ओढला जाऊन जिच्यात शिरला, त्या लाटेचे छायाचित्र पाहिले की हे पटते.

लेखात स्त्रियांचाही उल्लेख हवा होता. २००६ नंतर त्यांची व्यावसायिक स्पर्धा इथून हलवली गेली, ती २०२२ मध्ये परतली आणि २०२४ मध्ये ताहितीच्याच शेजारच्या बेटांतील वाहिने फिएरोने ती जिंकली.

माझा खरा आक्षेप मनोऱ्याच्या परिच्छेदाला आहे. पॅरिस ऑलिम्पिकमधील सर्फिंग इथेच व्हायचे होते; त्यासाठी पंचांचा जुना लाकडी मनोरा काढून अॅल्युमिनियमचा उभारायचे ठरले, तेव्हा झालेल्या विरोधाला आपण 'स्थानिकांची नाराजी' म्हणून दोन शब्दांत संपवले. त्या विरोधामुळेच मनोऱ्याचे वजन १४ टनांवरून ९ टनांवर आले. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये चाचणीच्या वेळी तराफ्याने प्रवाळ मोडलेच. प्रवाळ मोडले की माशांत सिग्वाटेराचे विष वाढेल, अशी तिथल्या लोकांना धास्ती होती. रोजच्या जेवणातला मासा ज्या पाण्यातून येतो, त्याबद्दलची ही धास्ती मला अगदी रास्त वाटते. किनाऱ्यावरून, पाण्यातून आणि ड्रोनने टिपलेल्या थेट चित्रणावर दुरून गुण देण्याचा पर्याय खुद्द आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेने सुचवला होता. मनोरा तरीही उभा राहिला. पाण्यात पाया घालण्याचे काम मी केलेले आहे. पर्याय हाताशी असताना जिवंत प्रवाळात तो घालणे मला अभियंता म्हणून पटत नाही.

ताहितीच्याच कौली व्हास्टने लहानपणापासून खेळलेल्या याच लाटेवर ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवले, त्याचे आपण भरभरून कौतुक केलेत, ते योग्यच. आता पुढच्या स्पर्धेच्या वेळी आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी तिथल्या मच्छीमारांशी बोलावे आणि मोडलेले प्रवाळ आज कोणत्या अवस्थेत आहे, तेही छापावे.

आपला,
एक निवृत्त बंदर अभियंता